घोरण्याचा रकाना

एका मिनिटात बाळाचे श्वास किती होतात, हे मी नोकरीत हजारो वेळा मोजलं असेल. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त म्हणजे धोका, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. झबलं वर करायचं, पोटाकडे बघायचं, घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट. बाळ रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबायचं. यवतमाळ जिल्ह्यात आधी एएनएम म्हणजे गावची नर्स आणि शेवटी आरोग्य सहायिका म्हणून ३१ वर्षं हे काम केलं. त्यातली शेवटची सहा-सात वर्षं माझ्या बाजूच्या खाटेवरचा माणूस रात्रभर श्वास घ्यायचा थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. तो मी एकदाही मोजला नाही.

ऐकू येत नव्हतं असं नाही. अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं.

घोरणं हा आमच्याकडे आजार नाहीच. दिवसभर वावरात राबलेल्या माणसाची ती कमाई आहे. उन्हाळ्यात आंगणात खाटा टाकल्या की कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची फटफटी, यावर पोट्टे हसतात. नवी सून आली की तिला सासऱ्याच्या घोरण्याची आधीच कल्पना देऊन ठेवतात. कोणाला झोप येत नाही म्हटलं तर काळजी करतात, पण पडल्या पडल्या घोरायला लागणाऱ्याचा हेवा करतात. घोडे विकून झोपला, म्हणतात. तो झोपलेलाच नसतो, हे सांगायला मला साठी उलटावी लागली.

आमचे हे सेवा सहकारी सोसायटीचे गटसचिव होते. तीन गावांचे खातेदार, आणि कोणाचं किती कर्ज, किती व्याज, मागच्या मार्चला कोणी किती भरले हे वही न उघडता सांगायचे. पन्नाशीनंतर हळूहळू ते कमी झालं. आधी नावं अडखळायला लागली, मग बेरजा चुकायला लागल्या. एका मार्चअखेरीला एका शेतकऱ्याची वसुली दोनदा चढली आणि दुसऱ्याची चढलीच नाही. तो दुसरा पावती घेऊन दारात उभा राहिला. रोकड मोजली तर बरोबर होती, चूक फक्त कागदावर होती. पण पानटपरीवर व्हायचं ते झालंच: "सेक्रेटरी खाऊन रायला पैसे."

ती खतावणी मी नंतर पाहिली. एका पानावर यांनी ७ चा आकडा काढायला घेतला होता आणि आकड्याची शेपूट खाली उतरत, दोन ओळी ओलांडून, पानाच्या कडेपर्यंत गेली होती. पेन हातात असताना डोळा लागला होता. पुढच्या पानावर पुन्हा तसंच. चोरी करणारा माणूस इतका गबाळा नसतो, पण हे टपरीला कोण सांगणार?

त्या वर्षांत आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण त्यातल्या प्रत्येक दारावर उत्तर लिहिलेलं होतं आणि ते कोणी वाचलं नाही. मीही नाही. बीपीची एक गोळी पुरेना म्हणून दोन झाल्या, मग तीन. सकाळी उठताच डोकं जड, म्हणून बाम. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे, म्हणून साखर तपासली आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी केली. चिडचिड वाढली, म्हणून टेन्शनची गोळी. झोप लागून ताजं वाटत नाही म्हटल्यावर एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि घोरणं दुप्पट झालं. दिवसा डोळे उघडे राहावेत म्हणून हे तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, दिवसाला चार पन्न्या. मुलानं नागपूरला नेऊन मेंदूचा फोटो काढला. 'वयाप्रमाणे बदल' असं लिहून आलं. वय तेव्हा ५७.

शेवटी तालुक्याच्या गावी नव्यानं आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी यांच्याऐवजी मला विचारलं. "सिस्टर, हे घोरता घोरता एकदम चूप होतात का?"

होतात, म्हटलं.

"किती वेळ?"

मला सांगता येईना. एवढ्यात हे म्हणाले, "मले काई नाई झालं डॉक्टर, थोडी थकावट हाये." डॉक्टरांनी शिंप्यासारखा टेप काढून गळ्याचा घेर घेतला. ४१ सेंटिमीटर. तोंड उघडायला लावलं तर पडजीभ दिसत नव्हती. हनुवटी मागे गेलेली. यांचं वजन ७१ किलो, पोट नावाला. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडण्याचा हा आजार ढेरपोट्या शेठजींचा, अशी माझीही समजूत होती. लठ्ठपणानं तो वाढतो हे खरं, पण जबडा लहान असेल तर किडकिडीत माणसालाही होतो, आणि आपल्या भागातल्या लोकांना तो कमी वजनातही गाठतो.

त्या रात्री मी दवाखान्यातलं तेच जुनं घड्याळ घेऊन खाटेवर बसले. मोबाइलच्या उजेडात पोटाकडे बघत. पोट हलत होतं, छाती ओढली जात होती, पण नाकाशी हवा नव्हती. ३८ सेकंद. मग एकदम जोराचा घुरका, कूस बदलली, पुन्हा घोरणं सुरू. तासाभरात २२ वेळा मोजलं आणि मग मलाच झोप लागली. पुढे बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा बांधून घरीच तपासणी झाली तेव्हा तासाला ४६ आले. तासाला पाचपर्यंत चालतं, तीसच्या वर गेलं तर आजार तीव्र. रक्तातला ऑक्सिजन एका क्षणी ६८ टक्क्यांवर आला होता. कोरोनात आम्ही ९४ च्या खाली गेलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होतो.

घशात काय होतं ते शेतकऱ्याला समजावणं सोपं आहे. विहिरीवरच्या मोटरला ओढीच्या बाजूनं नेहमी कडक पाइप लावतात. नरम लावला तर मोटर ओढायला लागताच तो चिपकतो आणि पाणी येत नाही. नाकामागचा घसा असाच नरम पाइप आहे, त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी आजूबाजूचे स्नायू तो ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, अरुंद जागेतून हवा फडफडत जाते, ते घोरणं. पूर्ण चिपकला की हवा बंद. दहा सेकंदांच्या वर बंद राहिला तर त्याला ॲप्निया म्हणतात. मग ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि मेंदू घाबरून दोन-तीन सेकंदांसाठी माणसाला उठवतो. माणसाला ते आठवतही नाही. घसा ताणला जातो, घुरका येतो, पुन्हा झोप. तासाला ४६ धरले तर सात तासांत सव्वातीनशेच्या आसपास. सव्वातीनशे वेळा कोणी हलवून उठवलेल्या माणसाकडून आपण सकाळी व्याजाचा हिशेब मागत होतो.

मेंदूचं नुकसान दोन बाजूंनी होतं. एक, झोपेचे तुकडे. दिवसभरात शिकलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं पक्कं करण्याचं काम गाढ झोपेत आणि स्वप्नांच्या झोपेत चालतं. स्वप्नांच्या झोपेत तर स्नायू सगळ्यात सैल, म्हणजे घसा सगळ्यात जास्त तिथेच बंद होतो. दुसरी बाजू ऑक्सिजनची. तो एकदाच कमी होऊन राहत नाही, रात्रभर खाली-वर होत राहतो, आणि दर वेळी बीपी उसळतं. आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ऑक्सिजनच्या बाबतीत फार नाजूक. कपाळामागचा भाग लक्ष धरून ठेवतो, दोन आकडे मनात ठेवून तिसरा मिळवतो आणि राग आवरतो. या आजाराच्या माणसांमध्ये सगळ्यात ठळक दिसतं ते हेच: लक्ष टिकत नाही, ठरवता येत नाही, पटकन भडका उडतो. सोसायटीच्या खतावणीतली ती घसरलेली रेघ मला आता मेंदूच्या फोटोपेक्षा जास्त स्पष्ट वाटते.

हे नुसतं माझ्या घरचं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत सरासरी ८२ वर्षांच्या २९८ बायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सगळ्यांचं डोकं शाबूत होतं. झोपेत श्वास अडणाऱ्यांपैकी पाचेक वर्षांत सुमारे ४५ टक्के बायांना विस्मृतीचा आजार किंवा त्याची सुरुवात झाली. ज्यांचा श्वास अडत नव्हता त्यांच्यात ३१ टक्के. आणि हा संबंध झोपेच्या तुकड्यांपेक्षा ऑक्सिजन कमी होण्याशी जास्त लागला. आपल्याकडे एम्सच्या डॉक्टरांनी देशातले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये आकडा काढला: प्रौढांमध्ये ११ टक्के. दहा कोटींच्या वर माणसं होतात ती.

आता माझं म्हणणं. शासनाचा एक फॉर्म आहे, गावची आशा कार्यकर्ती त्याला 'सीबॅक' म्हणते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो घरोघरी जाऊन भरायचा. तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबरेचा घेर किती, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. उदास वाटतं का, कशात मन लागत नाही का, हेही आहे. म्हाताऱ्यांसाठी तर, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असाही प्रश्न आहे. म्हणजे माणूस विसरतो का हे आपण विचारतो, उदास आहे का हे विचारतो, बीपी मोजतो. या तिन्हींच्या मागे उभा असू शकणारा एक आजार दोन प्रश्नांत पकडता येण्यासारखा आहे, ते दोन प्रश्न मात्र नाहीत. रात्री घोरताना श्वास थांबतो का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का? हे दोन रकाने फॉर्ममध्ये हवेत, आणि पहिल्याचं उत्तर शक्यतो बाजूला झोपणाऱ्याकडून घ्यायला हवं. मी तो फॉर्म कित्येक आशांना शिकवला आहे. मलाही हे सुचलं नव्हतं.

यावर माझ्याच जुन्या सहकारी बाया हसतात. बाई, इथं सिकलसेल आहे, कुपोषण आहे, सापाचं आहे, आत्महत्या आहेत, आणि तुम्ही घोरण्याचं काय घेऊन बसल्या? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. पण गडचिरोलीचं उदाहरण बघा. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. बहुतेक माणसं घरीच गेलेली. ज्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना मलेरिया आठवतो, तिथं ही गत. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण बीपी. आणि तीन-तीन गोळ्यांनी न उतरणाऱ्या बीपीमागे झोपेतला श्वास हे एक ठरलेलं कारण आहे, कोणत्याही मोठ्या दवाखान्यात विचारा. तेव्हा घोरणं ही शहरातल्या खात्यापित्यांची चैन नाही. आपल्याकडे ते लकव्याच्या रांगेत उभं आहे.

सिकलसेलचंही तेच. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, गावागावांत रक्त तपासलं जातं. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसा अडवतात. अशा पोराचे टॉन्सिल वाढलेले असतील आणि ते रात्रभर तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर त्याच्या अंगात रोज रात्री काय चालत असेल? तपासणीचं कार्ड देताना एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

लहान पोरांचा विषय इथं नुसता शिवून जाते, त्याला वेगळा लेख लागेल. शाळेत पेंगणारं, चुळबुळ करणारं, तोंडानं श्वास घेणारं पोरगं मास्तरांच्या लेखी 'ढ' असतं. त्यातल्या काहींच्या नाकामागे वाढलेली गाठ असते, आणि शाळेत तपासणीला येणारी गाडी दात, डोळे, वजन पाहून पुढच्या गावाला निघून जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो डॉक्टर मंडळींचा आहे. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. सरसकट विचारत सुटलात तर अर्धं गाव तपासणीला रांगेत उभं राहील. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ मंडळानंही २०२२ मध्ये सांगितलं की, काहीच तक्रार नसलेल्यांना सरसकट तपासावं की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. मला हे मान्य आहे. म्हणून माझी मागणी सरसकट तपासणीची नाही. फॉर्ममध्ये आधीच बीपीवर खूण झाली आहे, 'विसरतो' वर झाली आहे, 'उदास वाटतं' वर झाली आहे, किंवा घरात कोणाला लकवा होऊन गेला आहे, अशांनाच हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर हो आलं तर गळ्याचा घेर मोजा. कंबर मोजायला टेप आशाच्या पिशवीत आहेच. तो दोन वीत वर न्यायचा आहे.

आणखी एक सांगायला हवं, कारण ते लपवून युक्तिवाद करणं मला जमणार नाही. यावर उपचार म्हणजे झोपेत नाकावाटे हवा सोडणारं मशीन, पण ते लावलं की डोकं पहिल्यासारखं होतं, असं नाही. इटलीत मिलानच्या डॉक्टरांना २०११ मध्ये थोड्या रुग्णांत दिसलं की, तीन महिन्यांच्या उपचारानंतर हिप्पोकॅम्पससारख्या भागांतली झीज काही प्रमाणात भरून आली. पण अमेरिकेत हजारावर माणसांना घेऊन सहा महिने चाललेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले तेव्हा बुद्धीच्या परीक्षांत फार फरक दिसला नाही. तीव्र आजार असलेल्यांत थोडा दिसला, तोही टिकला नाही. दिवसाची झोप मात्र नक्की कमी होते. आमच्या घरीही तेच झालं. हे आता दुपारी पेंगत नाहीत, पेपर शेवटपर्यंत वाचतात, नातवावर ओरडत नाहीत, बीपीची एक गोळी कमी झाली. पण खातेदारांचे आकडे परत आले नाहीत. किराण्याची बेरीज हे मोबाइलवर करतात, आणि करताना माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्या मते हाच मुद्दा लवकर विचारण्याच्या बाजूनं जातो. झालेलं नुकसान भरून येईलच याची खात्री नाही, म्हणून तर ते सातव्या वर्षाऐवजी पहिल्या वर्षी कळायला हवं.

आपल्या भागात ते लवकर न कळण्याचं आणखी एक कारण आहे. रब्बीत ओलिताची लाइन रात्रीची असते, माणूस गव्हाला पाणी द्यायला बारा वाजता निघतो. तूर-हरभरा भरला की रानडुकरांसाठी जागलीला जायचं. अख्खं गाव दुपारी पेंगत असताना एकाचं पेंगणं वेगळं आहे हे दिसणार कसं? झोप कमी मिळणं वेगळं आणि झोपेत गुदमरणं वेगळं. पहिला माणूस दोन रात्री घरी झोपला की ताजा होतो. दुसरा आठवडाभर झोपला तरी होत नाही. हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही. आणि रात्री थोडी घेतली की छान झोप लागते म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: दारूनं घसा आणखी सैल पडतो. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण तिथल्या डॉक्टरांनाही हा प्रश्न विचारावाच लागेल, का ते सगळ्यांना माहीत आहे.

रस्त्याचंही आहे. लायसन्सच्या अर्जात फिट येते का, चक्कर येऊन शुद्ध हरपते का, हे विचारतात. झोपेचं विचारत नाहीत. उपचार न घेतलेल्या अशा चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीच्या आसपास असतो, आणि आमच्या काळीपिवळीत चौदा माणसं बसलेली असतात.

बायांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्या यातून गळतात. पाळी गेल्यावर बायांमध्ये हा आजार वाढतो, पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप येत नाही, डोकं दुखतं, थकवा जात नाही, असं सांगतात आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत जातात. बाईनं घोरणं म्हणजे लाज. विधवा बाईचं तर कोणी ऐकणारंच नसतं, खोलीत एकटी. तिला सांगावं, मोबाइलवर आवाज भरायला लावून उशाशी ठेव आणि सकाळी नातवाला ऐकव. मी स्वतः ठेवला होता एकदा. ऐकून हे खूप हसले. त्यांना तेवढा हक्क होता.

आता पैसा. हवेच्या मशीनची कल्पना १९८१ ची, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांची. घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर उलटी फिरवून नाकात हवा सोडली आणि घशाचा नरम पाइप आतून फुगता ठेवला. एवढंच आहे ते. चाळीस वर्षं उलटली, तरी आम्हाला मशीन आणि मास्क मिळून ४२ हजार लागले. त्या वर्षीची सगळी तूर गेली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून या मशीनचे पैसे ठरावीक मर्यादेत परत मिळतात. राज्याची जनआरोग्य योजना मुळात दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी आहे, आणि हे मशीन घरी, रोज रात्री, जन्मभर लावायचं. कापूस पिकवणाऱ्याच्या घशाची नळी वेगळ्या मातीची असते का?

मला वाटतं, सुरुवात मशीन वाटण्यापासून करू नये. ग्रामीण रुग्णालयात घरी न्यायची तपासणीची दोन यंत्रं ठेवावीत, मुठीएवढी असतात, आज या गावाला, उद्या त्या. मग मशीनची उसनवारी. माणूस महिनाभर लावून बघेल, सोसलं तर ठेवेल, नाही तर परत करेल. कारण बरेच जण टिकत नाहीत. यांनी पहिल्या रात्री मास्क काढून फेकला. "डवरणीले बैलाले मुस्कं बांधते, तसं बांधलं मले." तिसऱ्या आठवड्यात मास्कचं माप बदललं, तेव्हा कुठं सकाळपर्यंत राहिला. अशा वेळी कोणी तरी घरी येऊन माप बघणारं लागतं. दुकानदार ते करत नाही. आणि लाइन. रात्री दोनला लाइन गेली की मशीन बंद. आम्ही इन्व्हर्टर घेतला. ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही, त्यानं काय करायचं याचं उत्तर आरोग्य खात्यानं एकट्यानं द्यायचं नाही, वीज खात्यानंही द्यायचं आहे.

आशांवर आणखी ओझं टाकता का, असं कोणी म्हणेल, तर बरोबर आहे. दोन रकाने वाढले की किती घरं, किती ओळी, किती रात्री जागून नोंदी, ते मला पाठ आहे. मोबदला न वाढवता हे वाढवू नये, आणि वाढवताना कोणताही उपयोग नसलेले दोन रकाने आधी काढावेत. कोणते, ते आशा सांगतील. पण त्यांना हे जमणार नाही असं मात्र कोणी म्हणू नये. गडचिरोलीत सर्चनं अडाणी सुइणींच्या हातात मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी दिले होते, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. त्यांनी न्यूमोनिया ओळखला, पोरं वाचवली. श्वास मोजणं विदर्भातल्या बायांना शिकवायची गोष्ट नाही.

आमच्या गावची आशा आता विचारते. मी तिच्याजवळ बोलले म्हणून विचारते, वरून आदेश नाही. परवा तिच्यासोबत एका घरी गेले होते. सपरीत म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, हनुवटी छातीवर. आशानं त्याच्या बायकोला विचारलं, "बुढा घोरते काय वो?"

"घोरते तं! घोरला तं बरं वाटते, माय. चूप झाला का मले जाग येते."

आशानं फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं. पुढच्या बाजूला लिहायला जागा नव्हती.